सरव्याचं वाण

कळंब, ५ जुलै १९९८

चि. संभास,

आशीर्वाद. तुझ्या पत्राची वाट बघून डोळे दुखले, म्हणून मीच लिहायला बसले. बियाण्याच्या कंपनीत साहेब झालास म्हणून बहिणीला दोन ओळी लिहायला हात दुखतो का रे?

कपाशी उगवली. वरच्या तुकड्यात, तू स्वतः वाकून टोकणी केलीस तिथे, एकही खाडा नाही. पिंपळीला असताना आबा तुला पेरणीला न्यायचे तेव्हा तू बांधावर बसून अर्धं बियाणं भाजून खायचास. तोच संभा जीपमधून उतरतो आणि पँट दुमडून माझ्या रानात बी टोकतो, हे बघून मला आबांची फार आठवण आली. तुझे दाजी कारखान्याला गेले होते म्हणून बरं, नाहीतर माझं रडं बघून महिनाभर चिडवत बसले असते.

तू म्हणालास, "अक्का, नवीन वाण हाय. ह्याला बोंडअळी लागत न्हाय." आणि मी म्हणाले, वाण म्हटलं की मला संक्रांतच आठवते. तू हसलास. तुमच्या कॉलेजात वाण म्हणजे बियाण्याची जात, आमच्यात वाण म्हणजे सवाष्णीच्या हातावर ठेवायचं. दोन्ही देण्याघेण्याच्याच गोष्टी, असं मी म्हटलं तर तू लगेच घड्याळ बघितलंस. घाई होती, ठीक आहे.

पण मी हो का म्हणाले ते तुला माहीत असावं म्हणून सांगते. तुझ्या कंपनीसाठी नाही. गेल्या साली आपला गडी भीमा औषध मारता मारता पाठीवरच्या पंपासकट कपाशीच्या तासात आडवा झाला होता. तोंडाला फेस. इंदापूरला दवाखान्यात नेईपर्यंत त्याची बायको सारजा माझा हात धरून बसली होती, तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. अळीचं औषध मारावं लागणार नाही असं तू म्हणालास आणि तुझं पुढचं मी ऐकलंच नाही.

एक विचारायचं राहिलं. मधे तुझं नवं वाण आणि चारी बाजूंनी साध्या कपाशीच्या ओळी, पाच पाच तासं, ती कशाला? तू म्हणालास वाऱ्याला आडोसा. कपाशीला आडोसा लागतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ती काय नवी नवरी आहे अंतरपाटामागे उभी राहायला? असो. तू शिकलेला आहेस, तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार.

सुमितला आत्याचा मुका. त्याला दात आले का ते कळव.

तुझी अक्का

•

कळंब, २६ ऑक्टोबर १९९८

चि. संभास,

आशीर्वाद. भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस, आणि निम्मा वेळ कपाशीत वाकून बोंडं मोजत बसलास. दाजी म्हणाले, "तुझा भाऊ तुला भेटाया येतुया का कपाशीला?" मी म्हटलं दोघींना, आम्ही दोघी त्याच्याच.

पण खरं सांगू, मलाही त्या रानातून पाय निघत नाही. बोंड फोडून बघते, अळी नाही. बाजूच्या तासांतली बोंडं पोखरलेली आणि मधली निर्मळ. भीमानं फक्त मावा-तुडतुड्यासाठी दोनदा पंप मारला. सारजा परवा दारात येऊन उभी राहिली, आत यायला तयार नाही, म्हणाली, "वैनी, औंदा ह्यास्नी चक्कर न्हाय, उलटी न्हाय. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा." सांगितला. नीट घे तो नमस्कार, असला तुला पगारातून मिळायचा नाही.

गावात मी ताठ मानेनं चालते आहे सध्या. दूध संस्थेत दूध घालायला गेले की बायका विचारतात, काय गं, भावाची कपाशी कशी आहे? मी सांगते आणि पुन्हा सांगते. कंटाळतील एक दिवस.

तुझी अक्का

•

कळंब, १२ डिसेंबर १९९८

चि. संभास,

आशीर्वाद. हे पत्र मिळाल्यावर ताबडतोब उत्तर लिही. इकडचं तिकडचं काही नको, मी विचारते आहे तेवढ्याचंच.

काल सकाळी दूध संस्थेपुढे रांगेत होते. आपल्या शाळेतले बुद्धघोष सर पेपर घेऊन आले. कर्नाटकात शेतकऱ्यांनी कपाशीची शेतं उपटून जाळली म्हणे. त्या कपाशीत कुठल्याशा मातीतल्या जंतूचा अंश घातलेला असतो, त्यामुळे पान खाल्लं की अळी मरते. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या रानात चाचणी लावली आणि त्यातल्या काहींना आपल्या रानात काय आहे हेच ठाऊक नव्हतं, असंही होतं त्यात. शिवाय खाली आणखी एक बातमी होती, परदेशात असं बी काढलंय की त्याच्या पिकाचं बी पुन्हा उगवतच नाही. सरांनी ते वाचून दाखवलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुमच्या वरच्या तुकड्यात आहे ते असलं तर नव्हे?"

त्यांनी हळूच विचारलं पण मी हळू बोलले नाही. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलंल व्हय? तुमी पोरांच्या परीक्षा घ्या गुरुजी, माझ्या रानाच्या घिऊ नका." लोक हसले. सरांनी पेपराची घडी घातली आणि सायकलवर बसून गेले. भला माणूस आहे, उलटून एक शब्द बोलला नाही.

तर आता तू सांग. असलं आहे की नाही? आणि घाबरू नकोस. असेल तर मी चिडणार नाही, उपटणार तर मुळीच नाही. सर म्हणाले की यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही, कुणी म्हणतं फायद्याचं, कुणी म्हणतं जनावराला, मातीला, शेजारच्या रानाला काय होईल ते आधी बघा. मला त्यातलं काही कळत नाही. भीमाला या साली उलटी झाली नाही एवढं मला कळतं. तेवढ्यासाठीसुद्धा मी ते रानात ठेवीन. पण माझ्या रानात काय उगवलंय ते मला माहीत पाहिजे. हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझी अक्का

•

कळंब, २६ जानेवारी १९९९

चि. संभास,

आशीर्वाद आणि तिळगूळ. पाकिटात घातलाय, पोष्टात चुरा झाला असेल तर चमच्यानं खा.

तुझं उत्तर डिसेंबरातच आलं होतं. "अक्का, पेपरवाले काहीही छापतात. आपलं साधं संकरित वाण आहे. निश्चिंत राहा." मी ते पत्र दूध संस्थेत नेलं आणि रांगेत मोठ्यानं वाचलं. बुद्धघोष सर तिथेच होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून वाचलं. ते म्हणाले, "बरं झालं ताई, काळजी मिटली." मला वाटलं, सर हरले.

कंपनीची माणसं कापूस पोत्यात भरून, वजन करून घेऊन गेली. त्यानंतर रानात जे राहतं ते सरव्याचं. तुला सांगायला नको, आपल्यात सरवा मालकाचा नसतो, वेचेल त्याचा. ज्वारी असो, भुईमूग असो, कपाशी असो. सारजा आणि मी दोन दिवस वाळल्या पऱ्हाट्यांमधून फिरलो, शेंड्याची उशिरा उमललेली बोंडं वेचली. पाटीभर झाली. इतकी पांढरी की सारजा म्हणाली, "वैनी, हे इकायचं न्हाय. हे देवाला." आणि मला सुचलं.

या संक्रांतीला मी प्लास्टिकच्या डब्या लुटल्या नाहीत. आळीतल्या प्रत्येक सवाष्णीला तुझ्या कपाशीची बोंडं वाण दिली, सरकीसकट. कापसाच्या वाती देवाला करा आणि सरकी परसात लावा, म्हटलं. संकरिताचं बी पुन्हा तसंच येत नाही हे मलाही कळतं, पण वातीपुरतं झाड झालं तरी पुष्कळ. रथसप्तमीपर्यंत बायका येत होत्या. बनाकाकीची नवी सून राजलक्ष्मी, तिची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घालून आली होती, काळ्या साडीत फार गोड दिसत होती. तिच्या ओटीत मी सगळ्यांत टपोरी बोंडं घातली आणि म्हणाले, तुझी कूस अशीच भरू दे. ती लाजली, बनाकाकीनं डोळे पुसले. प्रत्येकीला सांगितलं, माझ्या भावाचं वाण आहे. एकाच शब्दात दोन्ही अर्थ बसले बघ. तू इथे असतास तर तुला ऐकवलं असतं.

तुझी अक्का

•

कळंब, ९ फेब्रुवारी १९९९

संभाजी,

माझं पत्र वाचलंस आणि दूध संस्थेत फोन केलास. मला वाटलं कौतुकाला केलायस. सेक्रेटरी बाजूला बसलेला, बायका कॅन घेऊन उभ्या, आणि तुझा आवाज, "अक्का, सगळी बोंडं परत गोळा कर. आजच्या आज. जाळून टाक. कुणाला काय बोलू नको." मी विचारलं, का? मी पुन्हा विचारलं. मग म्हणालास, "ते तसलंच हाय."

ते तसलंच आहे. माझ्या 'हो किंवा नाही'चं उत्तर दोन महिन्यांनी आलं, तेही फोनवर, चारचौघांत, आणि मी "बरं बरं, सगळे मजेत" म्हणून फोन ठेवला.

वाण परत मागायचं? संभाजी, तू पिंपळीत जन्मलास का विलायतेत? आईनं कधी कुणाच्या दारात जाऊन म्हटलं होतं का, मी ओटीत घातलेलं दे माघारी? दिलेलं वाण परत मागणं म्हणजे त्या बाईचं वाईट चिंतणं. मी नाही गेले. तर चौथ्या दिवशी तुझ्या कंपनीची जीप आली. पोरांनी भर दुपारी पऱ्हाट्या उपटून रानात ढीग घातला आणि पेटवला, सगळं गाव बांधावर. मग तीच पोरं वही घेऊन घरोघर. "बाई, संक्रांतीला मिळालेली बोंडं द्या." ज्या घरांत मी जायला लाजले त्या घरांत तुझी पोरं बुटांसकट शिरली. कुणी वाती केल्या होत्या, कुणी सरकी म्हशीला घातली होती, कुणी परसात लावून वर पाणी घातलं होतं. त्यांनी तिथली माती उकरली.

आणि मग गावाला जे वाटायचं ते वाटलं. पेपरातल्या दोन्ही बातम्या एकीत मिसळल्या. जाळावं लागतं, उकरावं लागतं, म्हणजे हे तेच पुन्हा न उगवणारं बी. वांझ बी.

बनाकाकी आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. "द्वारके, माझ्या सुनंच्या ओटीत तू वांझ बी घातलंस?"

"काकी, मला ठावं न्हवतं."

"भाऊ तुझा, रान तुझं, आन् तुला ठावं न्हाय?"

माझं पुढचं ऐकायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली.

बुद्धघोष सर आपण होऊन आले. ज्या माणसाचा मी चारचौघांत पाणउतारा केला तो माझ्या ओसरीवर बसून बायकांना समजावत होता. ते वांझ बी वेगळं, ते अजून इकडे आलेलं नाही. हे अळीचं, हे वेगळं. यानं कुणाची कूस बंद होत नाही. बायका ऐकत होत्या. मग त्यांनी खरं ते पुढचंही सांगितलं, की याची तपासणी अजून पुरी व्हायची आहे, म्हणून तर कंपनी ते बाहेर जाऊ देत नाही. बनाकाकी म्हणाली, "तपासनी चालू हाय, तर ते आमच्या ओटीत कसं आलं गुरुजी?" त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला आत उठून गेले.

आता मला त्या आडोशाच्या तासांचा अर्थ कळला. वाऱ्यापासून तुझ्या कपाशीला नव्हे, तुझ्या कपाशीपासून शेजारच्यांना आडोसा. बाकी सगळ्यांची काळजी घेतलीस. शेजारच्या रानांना पाच तासांचं कुंपण घातलंस, बहिणीला एक शब्द नाही.

ये. गावात ये आणि बायकांपुढे उभा राहून सांग की अक्काला मी सांगितलं नव्हतं. मला दुसरं काही नको.

द्वारकाअक्का

•

कळंब, ३ मार्च १९९९

संभाजी,

तू आलास. पण मी बोलावलं म्हणून नव्हे, तुझे मोठे साहेब चौकशीला येणार होते म्हणून. त्यांच्या आधी तासभर तू एकटा आलास, थेट स्वयंपाकघरात. दाजी कारखान्यावर. मी भाकरी थापत होते. तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस, पिठाच्या हातांनी मला तुला उठवावं लागलं.

मी एवढंच विचारलं, का नाही सांगितलंस?

"तू न्हाय म्हनली असतीस तर?"

तर नाही म्हटलं असतं! नाही म्हणायला रान माझंच होतं ना? आणि मी नाही म्हणाले नसते रे. भीमाकडे बघून हो म्हणाले असते. तू मला विचारलं असतंस तर तुला रानही मिळालं असतं आणि बहीणही राहिली असती.

मग तू सांगितलंस की कंपनीत तू लिहून दिलंयस, शेतकरी बाईला सगळी कल्पना दिली होती. साहेब तेच विचारणार. तिनं नाही म्हटलं तर नोकरी जाणार. "सुमित अजून लहान हाय. अक्का, एवढा एकच शब्द. व्हय म्हन. पाडव्याच्या आत मी परत येतो आन् बायकांना समदं खरं सांगतो, तुझ्या गळ्याची शप्पथ."

साहेब देवळापुढे खुर्चीवर बसले. बायका पारावर. तू साहेबांच्या मागे. त्यांनी विचारलं, तुमच्या भावानं तुम्हाला सांगितलं होतं का, की हे चाचणीचं बियाणं आहे, बाहेर द्यायचं नाही?

मी म्हणाले, "व्हय."

तुम्ही जीपमध्ये बसलात. तू जाताना माझ्याकडे बघून मान हलवलीस, चांगलं झालं अशी. जीप गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. कुणी ओरडलं नाही. बनाकाकी उठली आणि म्हणाली, "ठावं असून घातलंस." बाकीच्या तिच्या मागून गेल्या. संध्याकाळी राजलक्ष्मी आली. तिनं ती बोंडं कंपनीच्या पोरांना दिलीच नव्हती, देव्हाऱ्यात जपून ठेवली होती, पहिलं वाण म्हणून. ती तिनं माझ्या उंबऱ्यावर ठेवली. मी हाक मारली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भीमा आला. टोपी हातात. "वैनी, मी त्या रानात उन्हाळा-पावसाळा राबलो. तुमाला ठावं व्हतं तर मला सांगायचं. मला काय हुईल का?" मी म्हणाले, काही होणार नाही भीमा. तो म्हणाला, "तुमी म्हंता म्हंजी..." आणि वाक्य पुरं न करताच गेला. सारजा तेव्हापासून कामाला येत नाही.

असा तुझा एक शब्द. पाडवा अठराला आहे. ये.

द्वारकाअक्का

•

कळंब, २५ मार्च १९९९

संभाजी,

पाडवा झाला. गुढीला साखरेची माळ आणली होती, तुझ्या नावाची वेगळी. मुंग्या लागल्या, म्हशीपुढे टाकली.

फोन केला होता औरंगाबादला. तुझी बायको म्हणाली, फिरतीवर आहेत. मागून तुझा खोकला ऐकू येत होता. लहानपणी तुझी छाती भरली की रात्रभर शेकत बसायचे मी, तो खोकला मी बाजारातसुद्धा ओळखीन.

दाजींना अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांनाही वाटतं मला ठाऊक होतं. ते आता कारखान्यावर जादा पाळी घेतात. गावात हळदीकुंकवाची दोन बोलावणी झाली चैत्रात, मला एकही नाही. हाटेलात नवखा माणूस आला की त्याला सांगतात, ते घर.

येणार नसशील तर तसं लिही. वाट बघायला तरी लावू नकोस.

द्वारका

•

कळंब, १८ एप्रिल १९९९

श्री. संभाजीराव,

काल बुद्धघोष सर बारामतीहून आले. तिथे शेतकरी मेळावा होता, ते शाळेची मुलं घेऊन गेले होते. मंचावर तू होतास. मी आनंदानं विचारायला गेले, कारण मला वाटलं बारामतीपर्यंत आलाय म्हणजे उद्या इकडे येईल. विचारलं, काय बोलला माझा भाऊ? सरांना खोटं बोलता येत नाही, त्यांनी नुसतं पाणी मागितलं. मी म्हटलं, गुरुजी, मी तुमचा एकदा अपमान केलाय, आता तुम्ही माझ्यावर दया करून दुसरा करू नका. सांगा.

मग त्यांनी सांगितलं. तू म्हणालास की नव्या तंत्राचा फायदा मोठा आहे, फवारणी कमी होते, मजूर आजारी पडत नाही. हे तू खरं बोललास. भीमाचं उदाहरण दिलंस, नाव न घेता. तेही खरं. पुढे म्हणालास, पण अडचण तंत्राची नाही, आपल्या माणसांची आहे. माझीच एक बहीण आहे खेड्यात. तिला तीन तीनदा समजावलं, बाई, हे चाचणीचं आहे, बाहेर द्यायचं नाही. वाण म्हटल्यावर तिला वाटलं संक्रांतीचं! सगळ्या आळीला लुटून मोकळी झाली. आणि अख्खा मंडप हसला. सर म्हणाले, टाळ्याही पडल्या.

माझा विनोद होता तो, संभाजी. जूनमध्ये तुझ्यापुढे मी केलेला, तुझ्यावरच्या मायेनं. तो तू मंडपात नेऊन विकलास, आणि तीन तीनदा समजावलं हे त्याला जोडलंस. मला स्वतःचं हसू झालं याचं इतकं वाईट वाटलं नाही. मी तुझ्यासाठी एक शब्द खोटा बोलले, तो तुला पुरायला हवा होता. तू तो घेतलास आणि आता तो तुझ्या भाषणात खरा म्हणून फिरतो आहे. आणखी चार मेळाव्यांत सांगशील, मग तुझा तुलाच खरा वाटेल. कदाचित आताच वाटायला लागला असेल. माझ्या गळ्याची शपथ घेऊन गेलास आणि त्याच गळ्यावर पाय देऊन मंचावर चढलास. असं मला वाटतं, आणि मी ते लपवणार नाही.

बी चांगलं की वाईट, ते मला अजून माहीत नाही. कदाचित उद्या सगळे तेच लावतील आणि भीमासारखी माणसं वाचतील. तसं झालं तर मी पहिली म्हणेन, बरं झालं. पण ते लावणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून लावावं. आंधळेपणी लावायला लावणारा माझा भाऊ होता, ही लाज मी दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकू शकत नाही.

आता मी काय करणार आहे ते लिहिते. बनाकाकीकडे जाणार आहे, मग राजलक्ष्मीपुढे बसणार आहे, मग भीमा-सारजाकडे, मग आळीतल्या प्रत्येक घरी. सांगणार आहे की देवळापुढे मी खोटं बोलले, मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या विश्वास ठेवतील की नाही, मला माहीत नाही. एकदा 'व्हय' म्हटलेल्या बाईचं 'न्हाय' कोण ऐकेल? तरी सांगणार. त्याच दिवशी तुझ्या साहेबांनाही लिहिणार आहे. सरांनी पत्ता दिलाय. तुझ्या नोकरीचं त्यानंतर काय व्हायचं ते होईल. सुमितचा विचार मी केला, चार रात्री केला. त्याला वाढवायला वेळ आली तर माझं घर आहे, तुझं त्यात येणंजाणं असो नसो.

दाजींना आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "आजच जा की मग, थांबायचं कशाला?" मी नाही म्हणाले.

हे पत्र आज टपालात टाकते. औरंगाबादला पोचायला चार-पाच दिवस लागतात. मी आठवडाभर थांबणार आहे, तोवर कुणापुढे तोंड उघडणार नाही. तुझ्याबद्दल मी काही करणार असेन तर ते तुला आधी कळलं पाहिजे.

द्वारका